कोंबडीचा मिटलेला डोळा

गेल्या वर्षीं आषाढांत, पावसाची झड लागून चार दिवस झाले असतां, आमच्या आळींतील एक मुलगी आपल्या आजीस बरोबर घेऊन मजकडे आली. मुलीच्या कांखेंत फडक्यांत गुंडाळलेली एक कोंबडी होती. शाळेंत मी शास्त्र शिकवितों व घरीं सात-आठ कोंबड्या बाळगतों, एवढ्याच आधारावर शेजारच्या मंडळींनीं मला कोंबड्यांचा वैद्य ठरवून टाकिलें आहे. आणि गुरांचा दवाखाना लांब असल्यामुळें ही पदवी नाकारण्याची सोय मला उरलेली नाहीं.

फडकें सोडलें तों कोंबडीचा डावा डोळा सुजून पार मिटलेला, उजव्या पापणीच्या कडेस मसुरीएवढी तपकिरी खपली, आणि तुऱ्यावर तशाच आणखी पांच-सहा. त्यांवर हळद व चुना यांचा लेप थापलेला होता. आजी म्हणाल्या, "दृष्ट काढली, लेप लावला, आतां आणखी काय करायचें तें तुम्ही सांगा. पोरीचा बाप म्हणतो, कापून टाका." मुलगी कांहींच बोलेना. मीं तिला विचारिलें, "ही दाणे टिपते काय?"

"दाणे पुढें टाकतें, सर," ती म्हणाली, "पण ती नुसती जमिनीवर चोच आपटते आणि मग उगी राहते. दोन दिवस झाले."

खपल्या, सूज व लेप यांहूनहि महत्त्वाची गोष्ट त्या मुलीनें या एका वाक्यांत सांगितली होती. ती मला लागलीच उमगली, याचें कारण फार जुनें आहे. मी दहा-अकरा वर्षांचा असतांना आमच्या घरीं कबरी नांवाची एक कोंबडी होती. तिच्या तोंडावर अशाच खपल्या आल्या. त्या मळ समजून मीं नखांनीं काढिल्या. रक्त आलें, त्यावर राख दाबली. आणि आपण मोठी शुश्रूषा केली अशा समजुतींत तिच्यापुढें मूठभर तांदूळ टाकून शाळेस गेलों. असें आठवडाभर चाललें. सायंकाळीं परत यावें तों तांदूळ संपलेले असत, म्हणून ती खात असावी असें मीं धरून चाललों. वस्तुतः ते इतर कोंबड्या खात होत्या. आठव्या दिवशीं कबरी डालग्याखालीं मेलेली सांपडली. आईनें तिला उचलून पाहिलें आणि एवढेंच म्हणाली, "अरे, हिच्या अंगांत कांहींच राहिलेलें नाहीं." तिला जो रोग झाला होता त्यांतून बहुतेक कोंबड्या उठतात. कबरी मेली ती उपासानें, आणि तांदळाच्या ढिगाशेजारीं मेली.

कोंबडी डोळ्यावर किती अवलंबून असते हें समजण्यास तिच्या डोळ्याची रचना थोडी पाहिली पाहिजे. तिचे डोळे डोक्याच्या मानानें फार मोठे असून ते दोहों बाजूंस बसविलेले असतात. दाणा टिपतांना त्याची जागा व त्याचें अंतर हीं दोन्ही ती दृष्टीनेंच अजमावते. आपण काळोखांत हात फिरवून वस्तु शोधतों तशी युक्ति तिला साधत नाहीं. म्हणून एक डोळा मिटला कीं नेम चुकूं लागतो, आणि दोन्ही मिटले म्हणजे भरलेल्या परातीसमोरहि ती उपाशी राहते. आपण डोळा मिटतों तेव्हां वरची पापणी खालीं येते. कोंबडीची मात्र मुख्यतः खालची पापणी वर सरकते. त्याशिवाय चोचीकडील कोपऱ्यांतून एक तिसरी, अर्धपारदर्शक पापणी क्षणार्धांत डोळ्यावरून आडवी फिरून परत जाते व बुबुळ पुसून ओलें ठेविते. लहान मुलें हा पांढुरका पडदा पाहून "डोळ्यांत फूल पडलें" म्हणून धांवत येतात. पडदा येऊन लगेच नाहींसा होत असेल तर तें निरोगीपणाचें चिन्ह समजावें; तो अर्ध्यावर येऊन थांबून राहिला तरच कांहीं तरी बिघडलें आहे.

डोळा पाहण्यासाठीं कोंबडीस धरावें लागतें, तेव्हां त्याविषयींहि दोन शब्द. दिवसा अंगणभर तिचा पाठलाग करूं नये. दिवेलागणीनंतर ती दांडीवर बसली म्हणजे हळूच उचलावी व पंख मिटून फडक्यांत गुंडाळून डोकें तेवढें बाहेर ठेवावें. छाती मात्र आवळूं नये. आपल्या छाती व पोट यांच्यामध्यें श्वासास मदत करणारा जो स्नायूंचा पडदा असतो, तसा कोंबडीस नाहीं. छातीचें हाड पुढें-मागें हालेल तेव्हांच तिच्या अंगांत वारा शिरतो. प्रेमानें घट्ट कवटाळलेलें पिलूं मुलांच्या हातांतच गुदमरतें तें यामुळें.

आतां त्या मुलीच्या कोंबडीचा रोग. त्यास कोंबड्यांच्या देवी असें म्हणतात. त्या माणसांच्या देवींहून वेगळ्या विषाणूमुळें होतात व माणसांस लागत नाहींत. उलट, आपल्या कांजिण्यांस इंग्रजींत कोंबडीचें नांव असलें तरी त्यांचा कोंबडीशीं कांहींएक संबंध नाहीं. घरांत मुलास कांजिण्या आल्या म्हणून खुराडें मोडून टाकणाऱ्या मंडळींनीं हें ध्यानांत ठेवावें. कोंबड्यांच्या देवींचा विषाणु अखंड कातडींतून सहसा आंत शिरत नाहीं. त्यास लहानशी जखम हवी असते. ती जखम दुसऱ्या कोंबडीच्या चोचीनें होते, कांट्यानें होते, आणि सर्वांत अधिक वेळां डासाच्या सोंडेनें होते. रोगी कोंबडीस एकदां चावलेला डास पुढें कित्येक दिवस निरोगी कोंबड्यांत रोग पसरवूं शकतो. तुरा, चोचीखालचे लाल कल्ले, पापण्या या पिसें नसलेल्या जागाच डासास सांपडतात, म्हणून फोडहि तेथेंच उठतात; आणि आपल्याकडे पावसाळ्यांत व त्यानंतर हा रोग अधिक दिसतो त्याचेंहि कारण हेंच. प्रथम फिकट पुटकुळी, मग पिवळसर फोड, मग काळपट खडबडीत खपली असा त्याचा क्रम आहे. बहुधा तीन-चार आठवड्यांत खपल्या आपोआप गळून पडतात. त्या खपल्यांत विषाणु कित्येक महिने जिवंत राहतो, म्हणून गळलेल्या खपल्या झाडून जाळाव्या. नखानें खपली काढणाऱ्यानें (मीं काढिली तशी) एक बरा होत आलेला व्रण पुन्हा उघडून दाखविला व विषाणु सर्व अंगणांत पेरला, असें समजावें.

या विषाणूस मारणारें औषध नाहीं. परंतु करण्यासारखें पुष्कळ आहे. मिटलेल्या पापण्या सोडविण्यासाठीं एक लिटर पाणी उकळून त्यांत ९ ग्रॅम मीठ घालावें व तें कोमट झाल्यावर स्वच्छ कापसानें डोळ्यावर थोडा वेळ धरावें. खपल्या व चिकटा मऊ होऊन पापणी आपणच सुटते, आणि न सुटल्यास दुसऱ्या दिवशीं पुन्हा प्रयत्न करावा, ओढूं नये. प्रत्येक डोळ्यास वेगळा कापूस घ्यावा. हळद-चुन्याचा लेप डोळ्याजवळ मुळींच लावूं नये, कारण चुन्यानें बुबुळ भाजतें. आजींस हें सांगतांना मला जरा संकोच वाटला, पण त्यांनीं तें निमूटपणें ऐकून घेतलें.

सर्वांत मोठी शुश्रूषा भरविण्याची. आजारी कोंबडी वेगळी ठेवावी. कळपांत तिच्या तोंडचें दुसऱ्या खातात. कणी किंवा भरडा कोमट पाण्यांत दाट कालवून खोलगट वाटींत घालावा, वाटी नेहमीं एकाच जागीं ठेवावी, आणि तिची चोच हळूच त्यांत बुडवावी. चोचीस लागलेलें ती गिळते, आणि दोन-तीन वेळां असें झालें म्हणजे वाटी कोठें आहे हें शिकते. विखुरलेला दाणा तिला सांपडत नाहीं. भरलेल्या वाटींत मात्र चोच कोठेंहि पडली तरी रिकामी येत नाहीं. पाणी पाजतांना घशांत ओतूं नये. जिभेच्या मागेंच श्वासनलिकेचें तोंड असतें, पाणी तेथें गेलें तर कोंबडी तत्काळ मरते. चोचीच्या कडेवर थेंब थेंब सोडावा. ती खरोखर खाते कीं नाहीं हें कळण्यास एक अचूक खूण आहे. गळ्याच्या बुडाशीं, छातीच्या वरच्या अंगास, दाण्यांची पिशवी असते. सूर्यास्ताच्या वेळीं ती बोटांनीं चांचपावी. पोटभर खाल्लेल्या कोंबडीची पिशवी भरलेल्या बटव्यासारखी लागते. उपाशी कोंबडीची हातास लागतच नाहीं. मीं कबरीची पिशवी एकदां जरी चांचपली असती तरी तांदूळ कोण खातें हें मला पहिल्याच दिवशीं समजलें असतें.

या रोगास लस आहे. पिलें सहा ते आठ आठवड्यांचीं झालीं म्हणजे पंखाच्या पातळ पडद्यांत दोन टोंकांच्या सुईनें ती टोंचतात, आणि आठवडा-दहा दिवसांनीं त्या जागीं लहानशी गांठ आली म्हणजे लस लागू पडली असें धरतात. ज्या पक्ष्यास रोग झालाच आहे त्यास तिचा उपयोग नसतो. कोंबड्यांच्या या देवींनीं माणसांवर मात्र एक मोठा उपकार केलेला आहे, तो सांगितल्यावांचून राहवत नाहीं. विषाणु हे सजीव पेशींवांचून वाढत नाहींत, त्यामुळें ते प्रयोगशाळेंत वाढवावयाचे कसे ही मोठी अडचण होती. १९३१ सालीं अमेरिकेंतील नॅशव्हिल येथें अॅलिस वुड्रफ व अर्नेस्ट गुडपाश्चर यांनीं उबवणीच्या अंड्यास भोंक पाडून आंतील पिलाच्या भोंवतालच्या पडद्यावर या देवींचा विषाणु वाढवून दाखविला. पुढें इन्फ्लुएन्झा व पीतज्वर यांच्या लसी अंड्यांत तयार होऊं लागल्या, त्या याच वाटेनें.

असो. कोंबडीचा डोळा मिटला कीं देवीच, असें मात्र नव्हे; आणि येथेंच बहुतेक लोक चुकतात. एका खुराड्यांतील डोळ्यांत घातलेले थेंब दुसऱ्या खुराड्यांत निरुपयोगी ठरतात, कारण सूज तीच असली तरी मूळ वेगळें असतें. खपली नसून तोंड एका बाजूस फुगलें आहे, नाकांतून पाणी येतें, आणि जवळ जातांच दुर्गंध येतो, असें असल्यास तें जंतूंमुळें होणारें सांसर्गिक पडसें समजावें. डोळ्याच्या कोपऱ्यांत साबणाच्या फेंसासारखे बुडबुडे दिसत असून कोंबडी घरघरत असेल, तर मायकोप्लाझ्मा नांवाच्या जंतूंचा संशय घ्यावा. या दोहोंस औषधें आहेत, पण तीं पशुवैद्याच्याच सल्ल्यानें द्यावयाचीं. अंदाजानें दिलेलें प्रतिजैविक रोग दडवितें, आणि अंड्यांतून घरांतील मुलांच्या पोटांत जातें तें वेगळेंच. औषध चालू असतां व त्यानंतर किती दिवस अंडीं खाऊं नयेत, हेंहि त्यांनाच विचारावें.

पापणीखालीं चक्क्यासारखा पांढरा घट्ट गोळा सांपडला, पाण्यानें धुतल्यावर तो सुटून आला, आणि दुर्गंध फारसा नाहीं, तर प्रथम खुराड्याकडे न पाहतां दाण्याच्या डब्याकडे पाहावें. केवळ तांदळाची कणी किंवा पांढरी ज्वारी यांवर महिनोन्महिने राखलेल्या, अंगणांत मोकळ्या न सोडलेल्या कोंबड्यांस जीवनसत्त्व 'अ' मिळत नाहीं, व डोळ्याचे आणि घशाचे पडदे कोरडे पडून असे गोळे जमतात. शहरांत गच्चीवर पिंजऱ्यांत ठेवलेल्या कोंबड्यांत हें अधिक घडतें. पिवळा मका, मेथी, कोथिंबिरीचे देंठ, शेवग्याचा पाला, किसलेलें गाजर हीं याचीं औषधें होत. तीं बाजारांत भाजीवाल्याकडे मिळतात, यामुळेंच कीं काय, लोकांचा त्यांवर विश्वास बसत नाहीं.

एक कारण असें आहे कीं तें ऐकून मुलांस गंमत वाटेल. उष्ण व दमट प्रदेशांत कोंबडीच्या तिसऱ्या पापणीखालीं दोऱ्यासारखा बारीक जंत राहतो. त्याचीं अंडीं विष्ठेंतून जमिनीवर पडतात, तीं एक जातीचें झुरळ खातें, आणि तें झुरळ कोंबडी खाते. मग झुरळाच्या पोटांतील जंताचें पिलूं कोंबडीच्या अन्ननलिकेंतून वर चढून, तोंडांतून अश्रूंच्या नळीवाटे डोळ्यांत जाऊन पोंचतें! कोंबडी सारखी डोळा मिचकावते व पायानें खाजविते. येथें पशुवैद्य जंत काढून देतात. परंतु भुशाचे व कचऱ्याचे ढीग उपसून झुरळें हटविल्यावांचून पुन्हा पुन्हा तोच प्रसंग येतो.

याहून साधें, आणि माझ्या पाहण्यांत सर्वांत अधिक वेळां आलेलें कारण म्हणजे कोंदट खुराडें. थंडीपावसाच्या भीतीनें लोक खुराड्यास चोहोंकडून गोणपाटें लावितात. आंतील ओल्या विष्ठेंतून अमोनिया वायु निघतो व तो डोळ्यांस झोंबतो. सकाळीं दार उघडून उभ्यानें वास घेऊं नये. खालीं वांकून, कोंबडीच्या उंचीवर नाक न्यावें. आपल्या नाकास झिणझिण्या आल्या तर ज्यांनीं तेथें रात्र काढली त्यांच्या डोळ्यांची काय स्थिति झाली असेल ती समजते. कोरडें तूस किंवा भुसा घालावा, तो भिजला कीं बदलावा, आणि छपराखालीं वाऱ्यास वाट ठेवावी.

एका व्याधीपुढें मात्र आपला इलाज नाहीं. डोळ्याचा पिवळा-तांबूस रंग जाऊन तो राखाडी होतो, बाहुली वाटोळी न राहतां दंतुर होते, पुढें एखादा पाय लुळा पडतो. हा मारेक यांचा रोग. हंगेरींतील योझेफ मारेक यांनीं १९०७ सालीं त्याचें वर्णन केलें. तो झाल्यावर बरा होत नाहीं; पिलूं अंड्यांतून बाहेर येतांच लस टोंचणें हाच उपाय, म्हणून पिलें विकत घेतांना ती टोंचली आहे काय हें विचारून घ्यावें.

आतां कातडीकडे वळूं. कोंबडीचें अंग उघडें पडलेलें पाहून घाबरण्यापूर्वीं तें कोठें उघडें पडलें आहे हें पाहावें. वर्षांतून एकदां जुनीं पिसें झडून नवीं येतात. ही झड डोकें व मान यांपासून सुरू होते, आणि खालीं नव्या पिसांचे कोंब दिसूं लागतात. या दिवसांत अंडीं थांबतात. ती रोगी नाहीं, पिसें बनविण्यांत गुंतली आहे. तिला दाण्याबरोबर शेंगदाण्याची पेंड, सुकी मासळी असें कांहीं सकस द्यावें, व नव्या कोंबांस हात लावूं नये, त्यांत रक्त असतें. पाठ उघडी पडली असेल तर अपराध कोंबड्याचा असतो. खुडूक कोंबडीचें पोट उघडें दिसलें तर तें तिनें आपणच केलें आहे. अंड्यांस अंगाची ऊब थेट लागावी म्हणून ती तेथलीं पिसें उपटून टाकते. तुऱ्याच्या रंगावरूनहि सरसकट निदान करूं नये. झाबुआकडील कडकनाथ जातीचा तुरा व कातडी जात्याच काळपट असते, आणि तिच्या मालकास "हिचें रक्त नासलें आहे" असें सांगणारे शहाणे मीं पाहिले आहेत.

हें सर्व वगळून जी खाज व लाली उरते ती बहुतेक परोपजीवी जीवांमुळें. यांत दोन प्रकार ओळखले म्हणजे अर्धें काम झालें: अंगावर राहणारे, आणि रात्रीं पाहुणे येणारे. उवा अंगावरच राहतात. शेपटीखालचीं पिसें फुंकून बाजूस सारलीं तर गवती रंगाच्या उवा पळतांना दिसतात, व पिसांच्या बुडाशीं अंड्यांचे पांढरे झुपके चिकटलेले असतात. औषधी पूड अंगास चोळल्यानें उवा मरतात, अंडीं मरत नाहींत. यास्तव दहा दिवसांनीं पुन्हा चोळावी लागते, आणि ही दुसरी खेप न केल्यामुळेंच "पुडींत कांहीं दम नाहीं" अशी तक्रार ऐकूं येते.

तांबड्या माइटची गोष्ट उलट आहे. हा आठ पायांचा, राईहून लहान जीव दिवसा दांडीच्या फटींत दडून बसतो व रात्रीं बाहेर येऊन रक्त पितो. दुपारीं कोंबडी कितीहि तपासली तरी कांहीं सांपडत नाहीं. ती मात्र फिकी पडत जाते, संध्याकाळीं खुराड्यांत जाण्यास नाखूष असते, झाडावर बसते. झोंपण्यापूर्वीं विजेरी घेऊन जावें व पांढऱ्या फडक्यानें दांडीची खालची बाजू पुसावी. फडक्यावर तांबडे डाग उमटले तर तें आपल्या कोंबडीचेंच रक्त आहे. येथें कोंबडीस औषध चोळून काय होणार? शत्रु लांकडांत आहे. खुराडें रिकामें करून फटींत कढत पाणी ओतावें, वाळल्यावर चुन्याची दाट सफेदी देऊन फटी बुजवाव्या, सडकी दांडी जाळून गुळगुळीत नवी बसवावी, आणि आठवड्यानें हें पुन्हा करावें. हे जीव अन्नावांचून कित्येक महिने जगतात. रिकामें पडलेलें जुनें खुराडें स्वच्छ असेल असें म्हणूनच मानूं नये. गोचीडहि असाच फटींत राहतो, तो तर वर्षाहून अधिक काळ उपाशी तग धरतो, व चावतांना कोंबडीच्या रक्तांत ज्वराचे जंतु सोडतो.

डोळ्याभोंवतीं व तुऱ्यावर मोहरीसारखे गडद ठिपके दिसत असतील तर भिंग घेऊन पाहावें. ती कधीं कधीं देवीची सुरुवात नसून कातडींत तोंड रुतवून बसलेल्या पिसवांची रांग असते. त्यांवर व्हॅसलीन लावून कांहीं वेळानें चिमट्यानें एकेक काढतां येते. मात्र घरांतील कुत्रें, मांजर व उंदीर यांच्या अंगावरहि हीच पिसू राहते, त्यामुळें एकट्या कोंबडीवर उपाय करून भागत नाहीं.

पायांवरील खवले उचलले जाऊन त्यांखालीं पांढरा भुगा जमतो, तेंहि एका माइटचेंच काम आहे. आमच्याकडे यावर रॉकेल चोळण्याची फार जुनी चाल आहे. त्यानें कातडी भाजते. पाय कोमट साबणाच्या पाण्यांत बुडवून मऊ ब्रशानें घासावे, पुसून कोरडे करावे, व खोबरेल किंवा व्हॅसलीन खवल्यांत शिरेल असें चोळावें. दोन-तीन दिवसांआड असें कांहीं आठवडे केलें म्हणजे आंतील जीव गुदमरून मरतात. विद्रूप खवले मात्र नवे येईपर्यंत तसेच दिसतात. तळव्यास काळी खपली व आंत कठीण गांठ असेल तर जंतु जखमेवाटे आंत शिरलेले असतात. ती कापण्याचें धाडस घरीं करूं नये.

या सर्वांतून वांचण्यासाठीं कोंबडी स्वतः जें करते तें तिला करूं द्यावें, म्हणजे धुळींत लोळूं द्यावें. पावसाळ्यांत अंगण चिखलानें भरतें, म्हणून पडवींत एका जुन्या घमेल्यांत कोरडी बारीक माती व थोडी चाळलेली राख ठेवावी. बाहेरून आणलेली कोंबडी महिनाभर निराळी ठेवावी. माणसांच्या डोळ्यांत घालावयाचे उरलेले थेंब तिच्या डोळ्यांत घालूं नयेत; त्यांत स्टेरॉइड असल्यास बुबुळावरील व्रण चिघळून डोळा कायमचा जातो.

एक इशारा पालकांसाठीं. एखादी कोंबडी कण्हत आहे असें नव्हे, तर एकदम अनेक कोंबड्यांचीं तोंडें सुजलीं, तुरे निळे पडले व एक-दोन दिवसांत पटापट मरूं लागल्या, तर मुलांस तेथें जाऊं देऊं नये, मेलेले पक्षी हातांत घेऊं नयेत, कापूं नयेत, विकूं नयेत. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यास ताबडतोब कळवावें. ती मानमोडी, म्हणजे रानीखेत, असूं शकते, अथवा बर्ड फ्लू. भारतांत बर्ड फ्लूची पहिली साथ २००६ च्या फेब्रुवारींत आपल्याच नंदुरबार जिल्ह्यांत, नवापूर येथें उघडकीस आली. रानीखेतच्या विषाणूनें हाताळणाऱ्याचेहि डोळे कांहीं दिवस लाल होतात. म्हणून साध्या रोगांतहि कोंबडीचा डोळा धुतल्यावर प्रथम आपले हात साबणानें धुवावे, व तोंवर ते आपल्या डोळ्यांस लावूं नयेत.

त्या मुलीची कोंबडी तिच्या बापानें कापली नाहीं. मुलीनें तिला पडवींत मच्छरदाणीचा तुकडा बांधलेल्या टोपलींत ठेविलें, सकाळ-संध्याकाळ डोळे धुतले, आणि वाटींत चोच बुडवून भरविलें. रोज दिवेलागणीस ती आमच्या दाराशीं येऊन सांगे, "आज पिशवी अर्धी भरली आहे, सर." सहाव्या दिवशीं उजवा डोळा पुरता उघडला. तिसऱ्या आठवड्यांत खपल्या गळाल्या, त्या आजींनीं चुलींत टाकल्या. डावा डोळा उघडला, परंतु बुबुळावर फूल राहिलें, आणि त्या बाजूनें तिला दिसत नाहीं. भाद्रपद संपतां संपतां तिनें पुन्हा अंडीं घालण्यास आरंभ केला. अंगणांत दाणे टाकिले कीं ती मान डावीकडे वळवून उजवा डोळा दाण्यावर धरते, आणि तरीहि एक-दोन वेळां चुकते; म्हणून तिची वाटी अजून पडवींत त्याच जागीं ठेवलेली असते.